फाटलेल्या आवाजाची जवारी

मुलीने पहिलं ओव्हरड्राइव्ह पेडल व्हिडिओ बघून मागवलं. एडिसन शहरातल्या आमच्या घरात ते आलं, तिने जोडलं, पायाने बटण दाबलं, आणि गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलू लागली. व्हिडिओत हेच पेडल किती गोड वाजत होतं! "आई, बिघडलेलं आलंय का गं?" पेडलमध्ये काहीच बिघाड नव्हता. आमच्या ॲम्पशी त्याचं जमत नव्हतं, एवढंच.

मांडवातला कर्णा फाटतो तेव्हा आपण आवाज कमी करायला धावतो. गिटारवाल्यांना मात्र त्या फाटण्याच्या अलीकडचा काठ हवा असतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पला झेपेल त्याहून जास्त जोर दिला की ध्वनिलहरींचे शेंडे गोलसर कापले जातात आणि मूळ सुरात नवे उपस्वर मिसळतात. १९५१ साली मेम्फिसमध्ये 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारचा ॲम्प दुखावलेला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्सने त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तो खरखरता आवाज तसाच रेकॉर्डवर ठेवला. लोकांना तो आवडला.

पण ॲम्पला जोर द्यायचा तर आवाज मोठा करावा लागतो. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब अवघा २२ वॅटचा, तरी अपार्टमेंटमध्ये तो पूर्ण उघडला तर खालचे-वरचे सगळे दारात उभे राहतील. म्हणून ही पायाखालची डबी, म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल: कमी आवाजातही तसाच फाटका सूर देणारं.

अशा पेडलांतलं सगळ्यात गाजलेलं घराणं जपानमधून आलेल्या ट्यूब स्क्रीमरचं. १९७९चं हे हिरवं पेडल दोन डायोडच्या साहाय्याने लहरीचे शेंडे हळुवार कापतं आणि त्याआधी खर्ज कमी करतं, त्यामुळे मधले सूर पुढे येतात. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या फेंडर ॲम्पमध्ये नेमके मधलेच सूर दबलेले असतात. एकाची खाच, दुसऱ्याचा उंचवटा. ऑस्टिनच्या गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनच्या हातात ही जोडी अमर झाली. आमचं पेडल याच घराण्यातलं, पण ॲम्प ब्रिटिश धाटणीचा, मधले सूर आधीच भरलेला. भरल्या भांड्यात आणखी ओतलं तर दुसरं काय होणार?

मॅसॅच्युसेट्समधल्या बिल फिनेगनच्या क्लॉन सेंटॉरची तर दंतकथाच झाली. १९९४पासून सुमारे पंधरा वर्षांत जेमतेम आठ हजार पेडलं बनली. आतलं सर्किट दिसू नये म्हणून त्यावर राळ ओतलेली. आज जुना सेंटॉर हजारो डॉलरना विकला जातो. त्यात साफ सूर आणि फाटलेला सूर एकत्र मिसळतात, ही युक्ती खरोखर सुंदर आहे. तरी त्या किमतीत घरच्या ॲम्पला साजेसं पेडल आणि वर उत्तम गिटारही येते.

माझे कान तंबोऱ्यावर वाढले. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर सरकला की जवारी जमते, सूर खुलतो, आणि ती जागा प्रत्येक तंबोऱ्याची निराळी. पेडलचंही तसंच असतं, असं मी लेकीला सांगितलं आणि शनिवारी तिची स्वतःची गिटार घेऊन आम्ही दुकानात गेलो. आमच्यासारखाच ॲम्प मागितला, आवाज घरी ठेवतो तेवढाच ठेवला. पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी केली, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि फसवतो. सूर किती फाटावा हे ठरवणारा ड्राइव्हचा नॉब घड्याळातल्या नऊवर. मग तिने सहाही तारा एकदम छेडल्या. पहिल्या दोन पेडलांत सगळ्याचा गोळा झाला. तिसरं बॉसचं ब्लूज ड्रायव्हर, १९९५पासून बाजारात असलेलं, खर्ज न कापणारं. तिने तारा जोरात छेडल्या तेव्हा सूर कडेला फाटला, हलक्या बोटाने छेडल्या तेव्हा स्वच्छ झाला. तिने गिटारचा आवाज किंचित उतरवला, पुन्हा छेडलं, आणि मान न वर करता म्हणाली, "पाचवी तार वेगळी ऐकू येतेय."