स्टार्टरचं हँडल

इलेक्ट्रिकलची मशीन लॅब बहुधा तळमजल्यावर सापडते. काँक्रीटच्या पायावर बोल्टने आवळलेली मोटर-जनरेटरची धूडं वरच्या मजल्यावर चढवणार कोण? पायाखाली काळी रबरी मॅट, भिंतीशी लॅम्प बँक, टेबलावर अॅमीटर-वॉटमीटर. दुसऱ्या वर्षाची पोरं इथे येतात तेव्हा डीसी मोटरची समीकरणं त्यांना तोंडपाठ असतात. मोटर चालू करताना मात्र हात कापतो.

तो कापायलाच हवा. पाच हॉर्सपॉवरची, २२० व्होल्टची शंट मोटर पूर्ण भाराला साधारण २० अँपिअर घेते. तिच्या आर्मेचरचा रोध जेमतेम एक ओम धरला, तर उभ्या मोटरला थेट सप्लाय दिल्यावर प्रवाह २०० च्या पुढे जाईल, कारण बॅक ईएमएफ अजून तयारच झालेला नसतो. म्हणून मध्ये थ्री-पॉइंट स्टार्टर. हँडल एकेका स्टडवरून पुढे न्यायचं. मोटर वेग घेईल तसा रोध कमी होत जातो. सावकाश न्या, असं सगळेच सांगतात, पण सावकाश म्हणजे किती ते मोटरच्या आवाजावरूनच कळतं. घाई केली की अॅमीटरचा काटा उसळतो. रेंगाळलात तर स्टार्टरच तापतो, त्यातला रोध काही कायम प्रवाह वाहायला केलेला नसतो.

शेवटच्या स्टडवर हँडलला एक विद्युतचुंबक धरून ठेवतो. ही नो-व्होल्ट कॉइल फील्डच्या सिरीजमध्ये असते. भार नसलेल्या शंट मोटरचं फील्ड तुटलं तर तिचा वेग आवाक्याबाहेर जाऊ शकतो. इथे फील्ड तुटताच कॉइल मरते, स्प्रिंग हँडल मागे ओढते आणि मोटर बंद पडते. इथवर पुस्तकातलंच. मग विद्यार्थी वेग वाढवायला फील्ड रिओस्टॅट सरकवत जातो, आणि काहीही तुटलेलं नसताना खट्‌कन हँडल सुटतं! फील्डचा प्रवाह कमी केला, त्याबरोबर कॉइलची पकडही ढिली झाली. फोर-पॉइंट स्टार्टर कशासाठी निघाला, हा व्हायवातला ठरलेला प्रश्न याच क्षणी विचारावा. पाठोपाठ दुसराही: त्यात कॉइल फील्डपासून वेगळी केली, मग फील्ड तुटल्यावर मोटरला वाचवणार कोण?

आता बऱ्याच ठिकाणी ट्रेनर किट आली आहेत. पॅनेलवर सर्किट छापलेलं, आतलं वायरिंग झालेलं. चार पॅच कॉर्ड खोचल्या की रीडिंग तयार. वेळ वाचतो, मीटर जळत नाहीत, हे मान्य. पण कनेक्शन चुकायला जागाच उरली नाही तर तीन तासांचं प्रॅक्टिकल हवं कशाला? (जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवायची सोय तशीही आहेच.) सिम्युलेशनवर माझा एवढा राग नाही. फील्ड तोडून मोटर पळवायची असेल तर ती संगणकावरच पळवलेली बरी.

विजेच्या प्रयोगशाळेचा एक आद्य पुरस्कर्ता विल्यम आयर्टन. तो आधी भारतातल्या तारखात्यात होता आणि तारेतला बिघाड नेमका कुठे आहे हे मोजमापांवरून हुडकण्याचं काम त्याने केलं. १८७३ मध्ये तो टोकियोला शिकवायला गेला, तिथे त्याने विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उभी केली. पुढे लंडनला फिन्सबरीतही हाताने प्रयोग करण्यावरच भर दिला.

आपल्या लॅबमध्ये त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सहज आणता येईल. बॅच येण्याआधी लॅब असिस्टंटने एखाद्या टेबलावर बिघाड करून ठेवायचा: वॉटमीटरची प्रेशर कॉइल उलटी, किंवा ऑल्टरनेटर बसबारला जोडायच्या प्रयोगात दोन फेजांची अदलाबदल. मग सिंक्रोनायझिंगचे तीन दिवे एकदम उजळायचे-विझायचे सोडून आळीपाळीने पेटू लागतात. सप्लाय बंद करून कोणत्या दोन वायरी बदलायच्या, हे पोरांनीच ठरवायचं. बिघाड कुठे केलाय ते फक्त असिस्टंटला ठाऊक हवं, आणि मार्क रीडिंगला न देता शोधायच्या रीतीला द्यावेत.