तंजावरच्या वाड्यातले चोळ

महाराष्ट्रातला पर्यटक तंजावरच्या राजवाड्यात शिरतो तो बहुधा ‘आपला वाडा’ बघायला. पण हा वाडा मुळात भोसल्यांचा नाही. तो नायक राजांनी उभारला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात गादीवर बसले, तेव्हा तो त्यांना आयताच मिळाला. मराठ्यांनी पुढे त्यात भर घातली. सरस्वती महालाचंही तेच. दुसऱ्या सरफोजीराजांनी हा ग्रंथसंग्रह नावारूपाला आणला खरा, पण त्याची सुरुवात नायकांच्या काळातली.

याच वाड्यातल्या कलादालनात मात्र पाहुणा नायकांच्याही कितीतरी मागे, थेट चोळांच्या काळात जातो. इथल्या कांस्यमूर्ती पाहताना सोबत जाणकार वाटाड्या हवाच, कारण गैरसमजांची खरी गर्दी इथेच होते.

पहिला गैरसमज असा, की या शोभेच्या मूर्ती. खरं तर या उत्सवमूर्ती. गाभाऱ्यातला दगडी देव जागचा हलत नाही, म्हणून मिरवणुकीला या निघायच्या. बैठकीला दांडे अडकवायची सोय असते ती त्यासाठीच. शिवाय त्या मिरवायच्या वस्त्रं, दागिने आणि फुलांनी झाकून. आज आपण ज्या कमनीय देहावर लुब्ध होतो, तो तेव्हाच्या भक्ताला क्वचितच दिसत असेल!

दुसरा गैरसमज पंचधातूचा. मूर्तीत सोनं-चांदी ओतलंय असं हमखास सांगितलं जातं. चोळ मूर्तींच्या रासायनिक तपासणीत प्रामुख्याने सापडतं ते तांबं, कथील आणि शिसं. एकाच साच्यातून अनेक मूर्ती काढत असावेत, हाही निव्वळ तर्क. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिला मातीचा लेप द्यायचा, आच देऊन मेण वितळवायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती हाती येते ती साचा फोडल्यावरच.

तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव तर रेंगाळून पाहावा असा. साल १०११च्या सुमाराचं. डोक्याला जटांचा फेटा, एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकलेला, आणि एक हात हवेतच टेकलेला. ही नृत्यमुद्रा नव्हे. शेजारी नंदी होता, हात त्याच्यावर विसावलेला होता. विसाव्या शतकात शिव जमिनीतून निघाला. नंदी सापडला नाही.

मराठी खूण शोधायचीच असेल, तर राजराजा चोळाच्या बृहदीश्वर मंदिरात जावं. तिथल्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास कोरून घेतला आहे, मराठीत आणि चांगला लांबलचक.