घराचा व्हिडिओ: ०.५एक्सने खोली मोठी होत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. आजचा विषय: भाड्याच्या घराचा व्हिडिओ मोबाईलवर कसा काढायचा. आधी माझा पचका सांगतो.

कंपनीने मला पुण्याहून बेंगळुरूला हलवलं, तेव्हा वाकडच्या वन बीएचकेचे अकरा महिने पूर्ण व्हायचे होते. घरमालक म्हणाले, "नवा भाडेकरू आणून द्या, नाहीतर डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापतो." मी फोन काढला, ०.५एक्स लावलं, घरभर गरागरा फिरलो आणि वर गाणं टाकलं. व्हिडिओ भारी दिसत होता. धडाधड फोन आले. तिसऱ्या दिवशी लातूरहून रात्रीच्या बसने एक मुलगा आईला घेऊन आला. काकू बेडरूमच्या दारातच थांबल्या. "व्हिडिओत तर इथं डबल बेड आणि कपाट दोन्ही बसेल असं वाटलं होतं, बाळा." खोली ८ बाय ९ फूट. मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. त्यांची रजा आणि तिकिटाचे पैसे माझ्या व्हिडिओने खाल्ले.

त्या रात्री सगळं पुन्हा शूट करायचं ठरवलं.

लेन्स

०.५एक्सची लेन्स खोली मोठी करत नाही, जास्त रुंद कोन पकडते. त्यामुळे जवळची वस्तू फुगते आणि समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटते. म्हणून १एक्सवरच राहा. कोपऱ्यात उभे राहा, फोन छातीच्या उंचीवर आडवा आणि सरळ धरा. वर-खाली तिरका केला की भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. एका शॉटमध्ये खोली मावत नसेल तर दोन घ्या. बाथरूमला ०.५एक्स लागलंच, तर फ्रेममध्ये बादली ठेवा आणि मापही सांगा. बादली केवढी असते हे सगळ्यांना माहीत असतं. आणि सुरुवातीला लेन्स पुसा; खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकटपणा असतोच.

उजेड

खिडकीकडे तोंड करून शूट केलं की खिडकी पांढरी फटक आणि खोली काळी. खिडकी पाठीशी किंवा बाजूला ठेवा. भिंतीवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो, मग चालताना चित्र सारखं उजळत-मावळत नाही. खिडकीबाहेरचं दृश्य वेगळ्या शॉटमध्ये घ्या.

दिवसा शक्यतो ट्युबलाइट बंद. दोन प्रकारचा उजेड मिसळला की अर्धी भिंत निळी, अर्धी पिवळी दिसते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण ३० फ्रेमच्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसू शकतात. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केला की २५ फ्रेमचा पर्याय मिळतो.

क्रम

मी आधी हॉल, मग बाथरूम, मग पुन्हा किचन असा उड्या मारत होतो. बघणारा हरवतो. पाहुणा येतो तसे चला: सेफ्टी डोअर, हॉल, किचन, ड्राय बाल्कनी, बेडरूम, बाथरूम. कोपरं अंगाला चिकटवून, गुडघे जरासे वाकवून, सावकाश. प्रत्येक खोलीत शिरलात की ५ सेकंद थांबा. सगळं मिळून २ मिनिटं पुष्कळ झाली.

गाणं टाकू नका. नळ सोडून पाण्याचा जोर ऐकवा, खिडकी उघडून रस्त्याचा आवाज ऐकवा. माहिती नंतर घरात शांतता असताना रेकॉर्ड करून जोडा.

मग टेस्टिंग. घर न पाहिलेल्या मित्राला व्हिडिओ दाखवा आणि कागदावर नकाशा काढायला सांगा. माझ्या मित्राने ड्राय बाल्कनी बेडरूमला जोडली. म्हणजे चूक माझी. तो भाग मी परत शूट केला.

पाठवण्याआधी

दारावरची पाटी, लाइट बिल, कुरिअरचा पत्ता, किल्ल्या, आरशातले तुम्ही: हे सगळं तपासा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन चित्र धुरकट होतं.

दुसऱ्या व्हिडिओत मी बेडरूममध्ये मेजर टेप लावून दाखवली आणि बाथरूमबाहेरच्या भिंतीवरची ओलही. या वेळी फोन चारच आले. घर बघायला एकच जण आला आणि जाताना टोकन देऊन गेला. म्हणाला, "ओल दाखवलीत ना, म्हणून बाकीचं खरं वाटलं."

डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. लातूरच्या त्या मुलाला मी नवा व्हिडिओ पाठवला होता, सोबत सॉरी. त्याने बघितला, उत्तर दिलं नाही. बरोबरच आहे.

तुम्ही घर शोधताना व्हिडिओने कधी फसलात का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.