सरकारी वकिलांचें शिक्षण

पैनगंगेच्या कांठीं वसलेल्या देऊळघाटच्या शेतकऱ्यास किंवा दुकानदारास सरकारवर दिवाणी दावा करणें झाल्यास, कलम ८० प्रमाणें त्यास आधीं दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हेतु उत्तम आहे : सरकारनें वकिलाचा सल्ला घ्यावा, चूक दिसल्यास सुधारावी व उभयतांचा खर्च वांचवावा. परंतु अशा नोटिशींस बहुधा उत्तरच जात नाहीं, व गेलें तर तें मोघम असतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं स्पष्ट म्हटलें.

सरकारी वकिलाचा खरा अशील कोण? आमच्या मतें रयत. म्हणून अन्यायाचा दावा जिंकणें हें त्याचें यश नव्हे. वेळीं खरा सल्ला देणें हें होय. त्याची नेमणूक गुण पाहून व्हावी, हें २०१६ सालीं त्याच न्यायालयानें सांगितलें. पण नेमणुकीनंतर काय? भूसंपादनाचा कायदा २०१३ सालीं बदलला. फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून बदलले. जुन्या पाठावर नवी वकिली कशी चालणार?

न्यायाधीशांच्या शिक्षणासाठीं उत्तन येथें अकादमी आहे. तसेंच बुलढाण्यासारख्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणीं दरवर्षीं सरकारी वकील व खात्यांचे अधिकारी ह्यांस एकत्र बसवून, हरलेल्या दाव्यांची मराठींत चिकित्सा करावी, अशी आमची सूचना आहे. खर्चाचा बाऊ कोणी करूं नये. हरलेल्या दाव्याचें व्याज सरकार कोठून भरतें, हें कर भरणाऱ्या व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नकोच.