पाचारण खरं कसं ओळखायचं? गॉर्डन हॉल, मुंबई आणि बंद दरवाजे

या आठवड्याचा भाग ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय आहे पाचारण. हा शब्द मराठी मंडळ्यांमध्ये सोडला तर बाहेर फारसा कुणी वापरत नाही. साध्या मराठीत बोलावणं. देव एखाद्याला एखाद्या कामासाठी बोलावतो, ते पाचारण. आणि तरुण मुलामुलींचा प्रश्न नेहमी एकच असतो. मला मिशनसेवेत जावंसं वाटतंय, पण हे देवाचं बोलावणं आहे की माझ्याच डोक्यातलं खूळ? घरचे नाही म्हणतात, पैशाची सोय नाही, व्हिसा मिळत नाही, तब्येत साथ देत नाही. मग दार बंद झालं म्हणजे देव नाही म्हणाला, असं समजायचं का?

यावर उपदेश करण्यापेक्षा एक खरी गोष्ट बघू. आपल्या मुंबईचीच आहे, पण मुंबईकरांनाही फारशी माहीत नसते.

सुरुवात अमेरिकेत होते. मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज, साल १८०६, ऑगस्ट महिना. पाच विद्यार्थी शेतात प्रार्थना करत होते. वादळ आलं म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथे आशियात सुवार्ता पोहोचवण्याबद्दल बोलले. त्यांचा पुढारी सॅम्युएल मिल्स. ह्या बोलण्यातून ओळीने पुढच्या गोष्टी घडत गेल्या आणि १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड नावाची मिशन संस्था उभी राहिली. गंमत बघा, ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं तो मिल्स स्वतः कधीच भारतात आला नाही. आफ्रिकेचा दौरा करून परत येताना १८१८ मध्ये तो समुद्रातच वारला.

गॉर्डन हॉल त्या गवताच्या गंजीपाशी नव्हता. तो त्याच कॉलेजातला, १७८४ चा जन्म, हुशार. शिक्षण संपल्यावर कनेटिकट राज्यातल्या वुडबरी गावच्या मंडळीने त्याला पाळक म्हणून या, असं सांगितलं. चांगलं गाव, चांगली मंडळी, ठरलेलं उत्पन्न. तो नाही म्हणाला. आकाशातून आवाज आला वगैरे काही नाही. त्याचा विचार सरळ हिशेबाचा होता. इथे पाळक व्हायला पुष्कळ जण तयार आहेत, तिकडे जायला कुणी नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे पाचारण म्हटलं की स्वप्न, दृष्टांत, अंगावर काटा, असंच काहीतरी लोकांना हवं असतं. हॉलला गरज दिसली आणि ती भागवता येईल अशी आपली कुवत दिसली. निघण्याआधी त्याने फिलाडेल्फियात थोडं वैद्यकही शिकून घेतलं. ते पुढे कुठे उपयोगी पडलं ते येईलच.

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलम गावात पाच जणांना दीक्षा दिली गेली. जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस. त्याच महिन्यात दोन वेगवेगळ्या जहाजांतून ते निघाले. हॉलचं जहाज ऑगस्टमध्ये कोलकात्याला लागलं.

आणि तिथे काय झालं? कंपनी सरकारने सांगितलं, परत जा.

ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा मिशनरी नकोच होते. लोक बिथरतील आणि व्यापार धोक्यात येईल, अशी भीती. त्यात भर म्हणजे १८१२ च्या जूनमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झालं होतं. म्हणजे हे लोक नुसते नकोसे पाहुणे नव्हते, शत्रू देशाचे नागरिक होते! जडसन आणि राइस कोलकात्यात बाप्तिस्त झाले, म्हणजे ज्या संस्थेने पाठवलं तिच्यापासून वेगळे झाले. पाच जणांची तुकडी पहिल्या काही महिन्यांतच फुटली.

न्यूएल आणि त्याची बायको हॅरिएट जहाजाने मॉरिशसकडे निघाले. हॅरिएटला दिवस गेलेले होते. बाळाचा जन्म समुद्रातच झाला, आणि काही दिवसांत ते गेलं. मॉरिशसला पोहोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ ला हॅरिएटही गेली. वय १९. तिने एकही दिवस मिशनकाम केलं नाही. एका माणसाला सुवार्ता सांगितली नाही. नंतर तिचं चरित्र अमेरिकेत घरोघरी वाचलं गेलं आणि ते वाचून कितीतरी मुली या कामात आल्या, असं आपण सांगतो. ते खरंही आहे. पण मला विचाराल तर एवढं घाईने ते सांगू नये. आधी १९ वर्षांची मुलगी आणि काही दिवसांचं बाळ, एवढंच डोळ्यांसमोर येऊ द्यावं.

हॉल आणि नॉट मात्र कोलकात्याहून सटकून मुंबईला आले. ११ फेब्रुवारी १८१३. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन बायबल प्रसाराच्या कामाला अनुकूल माणूस होता. त्याने त्यांना लगेच हाकललं नाही. पण कोलकात्याहून हुकूम येत राहिले की यांना इंग्लंडला रवाना करा. शेवटी त्या वर्षाच्या अखेरीला हॉल आणि नॉट यांनी काय केलं, तर गुपचूप गलबतात बसून ते कोचीनकडे निघाले. तिथून सिलोनला पळायचा बेत. कोचीनमध्ये पकडले गेले आणि परत मुंबईला आणले गेले.

इथे जरा थांबू या. मिशनरींच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुतेक जण धाडस म्हणून रंगवून सांगतात. मला तसं वाटत नाही. ज्या गव्हर्नरने त्यांना जमेल तेवढं सांभाळून घेतलं, त्यालाच त्यांनी अडचणीत टाकलं. माझ्या मते ते चुकलं. पाचारण आहे म्हणून कुठलाही मार्ग बरोबर ठरत नाही. यापेक्षा पुढची गोष्ट मला मोठी वाटते. परत आणल्यावर हॉलने नेपियनला सरळ पत्र लिहिलं. आम्ही का आलो, आम्हाला परत पाठवणं तुमच्या स्वतःच्या सदसद्विवेकाला पटतं का, असं त्या पत्राचं स्वरूप होतं. दरम्यान लंडनमध्ये कंपनीच्या नव्या सनदेत, म्हणजे १८१३ च्या कायद्यात, मिशनऱ्यांना परवान्याने भारतात यायची वाट मोकळी झाली होती. शेवटी यांना मुंबईत राहू दिलं.

म्हणजे दार उघडलं. पण त्यानंतर काय झालं? पुढची तेरा वर्षं जवळजवळ काहीच झालं नाही.

हो, खरंच. हॉल मराठी शिकला. मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांजवळ, बाजारात उभा राहून मराठीत बोलायचा. लोक ऐकायचे, वाद घालायचे, हसायचे आणि निघून जायचे. त्याच्या हयातीत ख्रिस्ती झालेल्यांचा आकडा सांगायचाच तर तो सांगण्यासारखा नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर फॉलोअर्स नाहीत, व्ह्यूज नाहीत, आणि वर्षानुवर्षं तेच रील. त्यात न्यूएल मॉरिशस आणि सिलोन करत १८१४ ला मुंबईत येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेला.

मग ते करत काय होते? शाळा काढत होते. १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून पहिला मराठी मजकूर बाहेर पडला. १८२४ मध्ये मुलींची शाळा. नव्या कराराचं मराठी भाषांतर १८२६ मध्ये पुरं झालं. श्रीरामपूरला विल्यम केरी आणि मंडळींनी आधीच मराठी भाषांतर केलेलं होतं, पण मुंबईकडच्या माणसाच्या कानाला रुचेल असं ह्यांना हवं होतं. हा छापखाना पुढे कुणाच्या उपयोगी पडला ते बघा. निर्णयसागरवाले जावजी दादाजी लहान वयात ह्याच अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला होते. तिथे टाइपाचं काम बघून शिकलेल्या माणसाने नंतर संस्कृत ग्रंथ इतके देखणे छापले की जगभर नाव झालं. हॉलला हे सांगितलं असतं तर तो खूश झाला असता की डोक्याला हात लावला असता, कोण जाणे!

१८२५ मध्ये हॉलची बायको मार्गारेट दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, मुलांच्या तब्येतीसाठी. त्यातला एक मुलगा वाटेतच गेला. हॉल एकटाच मुंबईत राहिला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे गेला. तिकडे कॉलरा पेटलेला होता. फिलाडेल्फियात शिकलेलं वैद्यक इथे कामाला आलं. जवळची औषधं तो आजाऱ्यांना देत राहिला. परतीच्या वाटेवर त्यालाच कॉलरा झाला आणि २० मार्चला काही तासांत तो गेला. ४२ वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

आता सॅम्युएल नॉटचं काय? हा प्रश्न बहुतेक कुणी विचारतच नाही. नॉट १८१५ मध्येच तब्येतीमुळे अमेरिकेला परत गेला. तिथे पाळक म्हणून काम केलं आणि १८६९ पर्यंत जगला. पाच जणांत सगळ्यात शेवटी तोच गेला. आपल्याकडच्या गोष्टींत जो मरतो तो हुतात्मा आणि जो परत येतो त्याचं नावही नाही. परत आलेल्या मुलामुलींकडे मंडळीतले लोक कसे बघतात, हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवलं असेल. ‘काय, जमलं नाही का?’ नॉटने दोन वर्षं जे सोसलं, हुकूम, पळापळ, आजार, ते खोटं होतं का? तब्येत ढासळल्यावर परत जाणं हा माझ्या मते पाचारणाचा पराभव नाही.

दुसरी गोष्ट थोडक्यात. सिंथिया फरार. अमेरिकेतली शिक्षिका. मुंबईच्या मिशनला मुलींच्या शाळा बघायला कुणीतरी हवं होतं, बोर्डाने तिला विचारलं, ती तयार झाली. तिशी उलटलेली, अविवाहित. १८२७ च्या अखेरीला मुंबईत आली. पुढे १८३९ पासून अहमदनगरला. १८६२ मध्ये तिथेच वारली. तिला बोलावणं आलं ते कामाच्या पत्रातून, एवढं साधं. आणि परिणाम? जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन मिस फरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही फरारबाईंचं नाव जोडलं जातं. फुले काही ख्रिस्ती झाले नाहीत. पण मुलींनी शिकावं ही गोष्ट पुढे गेली.

आता अवघड भाग. मिशनरी म्हटलं की परकेपणा आणि वरचढपणाचा आरोप येतो, आणि तो नुसता आरोप नाही. त्या काळच्या कितीतरी पत्रांत इथल्या लोकांबद्दल तुच्छतेने लिहिलेलं सापडतं. यावर सगळ्यात ठाम उत्तर आपल्याच माणसाने दिलं. नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्त हवा, पण तो मराठीत, भजनात, कीर्तनात हवा, यासाठी ते आयुष्यभर झटले. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे एकदा पाचारण आलं म्हणून ज्या संस्थेत गेले, दुसऱ्यांदा पाचारण आलं म्हणून तीच संस्था सोडली!

आज इथे काम करायचं असेल तर नियम माहीत हवेत. संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. बऱ्याच राज्यांत बळजबरी, आमिष किंवा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध वेगळे कायदे आहेत. ते वाचा. औषध देताना, शाळा चालवताना, धान्य वाटताना त्याबदल्यात काही मागितलं जातंय असं कुणाला वाटू नये, ही काळजी कायद्यापेक्षाही आधी आपली आहे.

आणि घरच्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. नवरा ख्रिस्ती झाला, आणि लहान मुलाला घेऊन ती बाई काही वर्षं त्याच्यापासून वेगळी राहिली. लोकांचे टोमणे, सोवळं-ओवळं, रडणं, सगळं तिच्या वाट्याला. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. पुढे ती परत आली, आणि आणखी काही काळाने स्वतःच्या विचाराने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ तिनेच पुढे नेलं. तुमच्या घरी कुणी ‘नाही’ म्हणत असेल तर ‘स्मृतिचित्रे’ मिळवून वाचा. बोलावणं आलेल्या माणसाच्या शेजारी राहणाऱ्या बाईने लिहिलंय ते, आणि मध्येमध्ये पोट धरून हसवतंही.

पुढच्या भागात पंडिता रमाबाई आणि केडगावचं मुक्ती मिशन. तोवर तुमचे प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस नोट चालेल, फक्त दोन मिनिटांच्या आत ठेवा.