कायद्याच्या पदवीचे ऐच्छिक विषय व 'ऑनर्स'चा मान

तुंगार्लीच्या तलावापासून लोणावळ्याच्या स्थानकापर्यंत आपण पायीं चालत गेलों, तर वाटेंत कायद्याचे किती प्रश्न भेटतात, याचा विचार फारच थोडे लोक करितात. तलावाचें पाणी नगरास कोणत्या अधिकारानें मिळतें? जेथें आज बंगला उभा आहे, ती शेतजमीन कोणीं कोणास व कशी विकली? सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बहिणींचीं नांवें आहेत कीं नाहींत? हे प्रश्न ज्यास समजतात व दुसऱ्यास समजावून देतां येतात, तो खरा कायद्याचा विद्यार्थी. आमच्या शाळेंतील कांहीं मुलांमुलींच्या मनांत वकील होण्याची इच्छा असते. परंतु त्या अभ्यासांत विषयांची निवड कशी करावयाची व 'ऑनर्स' म्हणजे काय, हें त्यांस व त्यांच्या पालकांस बहुधा ठाऊक नसतें. तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मार्गाची ओळख करून घेऊं. बारावीनंतर पांच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम, अथवा दुसरी एखादी पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, असे दोन मार्ग आहेत. पांच वर्षांच्या मार्गानें गेल्यास बी. ए. सारखी एक पदवी व कायद्याची पदवी अशा दोन्ही एकत्र मिळतात. इ. स. १९६१ च्या वकिलांविषयींच्या कायद्यान्वयें अखिल भारतीय बार कौन्सिल स्थापन झालें, व या शिक्षणाचे नियम त्या संस्थेनें इ. स. २००८ मध्यें नव्यानें घालून दिले.

त्या नियमांप्रमाणें कायद्याचे वीस विषय सर्वांस आवश्यक आहेत. करार, कुटुंबविषयक कायदा, राज्यघटना, मालमत्तेचें हस्तांतर, गुन्हे, पुरावा, दिवाणी व फौजदारी कामाची रीत इत्यादि विषय त्यांत येतात. यांशिवाय प्रत्यक्ष कामाचे चार विषय आहेत. दस्तऐवज व कैफियती लिहिणें, वकिलीचा नीतिधर्म, तडजोडीनें तंटे मिटविणें, आणि अभिरूप न्यायालय व उमेदवारी. उमेदवारीचा काळ पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत निदान वीस आठवडे व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत निदान बारा आठवडे असावा लागतो. यापुढें निदान सहा ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. राज्यघटना, व्यापार, आंतरराष्ट्रीय कायदा, गुन्हेशास्त्र, शेती, बौद्धिक संपदा असे त्यांचे गट केलेले आहेत.

आतां 'ऑनर्स'. पुष्कळांचा असा समज असतो कीं, अधिक गुण मिळाले म्हणजे हा मान आपोआप मिळतो. परंतु वरील नियमांत 'ऑनर्स' म्हणजे विशेष विषयांचा जादा अभ्यास होय. वीस, चार व सहा मिळून तीस विषय झाले. त्यांवर एका किंवा अधिक गटांतील निदान आठ विषय घेतले, म्हणजे अडतीस होतात. किमान गुणांची अट प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमांत घालतें. शिवाय प्रत्येक महाविद्यालयांत सर्व गट शिकविले जात नाहींत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वींच तीन गोष्टी विचाराव्या: येथें 'ऑनर्स' आहे काय? कोणते गट खरोखर शिकविले जातात? आणि एखाद्या विषयांत अनुत्तीर्ण झाल्यास तो मान जातो काय?

ही चौकशी करीत असतां पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सनद मिळण्याच्या कामीं साधी पदवी व 'ऑनर्स'ची पदवी यांत भेद नाहीं. दोघांसही बार कौन्सिलची परीक्षा द्यावीच लागते. तेव्हां केवळ नांवासाठीं अधिक फी भरून कर्ज काढणें शहाणपणाचें नव्हे. ज्यास एखाद्या शाखेंत खोल शिरावयाचें आहे, त्यास मात्र हा जादा अभ्यास पुढें फार उपयोगी पडतो.

निवड कशी करावी? मित्रानें घेतला म्हणून, किंवा गुण सहज मिळतात म्हणून विषय घेऊं नये. आपण कोणाच्या उपयोगीं पडणार, हें आधीं ठरवावें. आपल्या मावळाचेंच उदाहरण घ्या. शेजारच्या मुळशींत इ. स. १९२१ मध्यें धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. त्या काळीं भूसंपादनाचा इ. स. १८९४ चा कायदा होता. त्याच्या जागीं इ. स. २०१३ चा कायदा आला, व त्यांत पुनर्वसनाचा हक्कही नमूद झाला. परंतु हक्क कागदावर असून तो मागतां न आला, तर त्याचा उपयोग काय? म्हणून ज्यास आपल्या गांवांत राहून काम करावयाचें आहे, त्यानें जमीन, शेती व पर्यावरण यांकडे वळावें; ज्याचा ओढा व्यापाराकडे आहे, त्यानें कंपन्या, बँका व बौद्धिक संपदा यांचा विचार करावा.

शेवटीं एका थोर स्त्रीचें स्मरण करूं. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म इ. स. १८६६ मध्यें नाशिक येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या व इ. स. १८९२ मध्यें तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या. परंतु स्त्री म्हणून त्यांस पदवी मिळाली नाहीं, ती इ. स. १९२२ मध्यें मिळाली. मधल्या तीस वर्षांत त्या स्वस्थ बसल्या काय? नाहीं. पडद्यांतील स्त्रियांस आपली मिळकत राखतां यावी, म्हणून त्या झटत राहिल्या. मान उशिरां आला. ज्ञान मात्र त्याच्या आधींच इतरांच्या कामीं आलें होतें.

विद्यार्थिमित्रहो, 'ऑनर्स' हा शब्द आपल्या नांवापुढें लागावा ही इच्छा चांगलीच आहे. पण उद्यां एखादी वृद्ध आजीबाई आपला उतारा हातांत घेऊन तुमच्या दारीं आली, तर ती तो शब्द वाचणार नाहीं. उताऱ्यांत काय लिहिलें आहे, एवढेंच ती विचारील. त्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल, असेच विषय निवडा.