कुलूपबंद घरं आणि ओस गावं: नांदेड-लातूरची वेगळीच गोष्ट

दिवाळी आटोपली की कंधार, मुखेडकडच्या तांड्या-वाड्यांवर दारांना कुलपं लागतात. मागे म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेळ्या. एवढं पाहून बाहेरचा माणूस निकाल देऊन मोकळा होतो, मराठवाड्यातली गावं ओस पडली!

जनगणना मात्र तसं म्हणत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत लातूर जिल्हा 20.80 लाखांवरून 24.54 लाखांवर गेला, नांदेड 28.76 वरून 33.61 लाखांवर. म्हणजे वाढ अनुक्रमे सुमारे 18 आणि 17 टक्के, राज्याची 16. लोकसंख्या घटली ती रत्नागिरी-सिंधुदुर्गात. शहरं फुगली असतील, ही शंका रास्त आहे, पण दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यांचीही लोकसंख्या वाढलीच. त्यातही ती शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारी 2011 दरम्यान झाली, ऊसतोड ऐन भरात असताना. त्या वीस दिवसांत जो साखर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत होता, तो तिथेच मोजला गेला.

माणसं गाव सोडत नाहीत, हंगाम काढायला जातात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत परमुलूख. कुणी हैदराबादेत बांधकामावर, कुणी वीटभट्टीवर. उचलीचे पैसे लग्नात जातात, दवाखान्यात जातात आणि बऱ्याचदा गावच्या घराच्या स्लॅबमध्येही. त्यामुळे गावात पक्की घरं वाढली म्हणजे गावात काम वाढलं, हा हिशेबही चुकतो. घर इथलं, त्यातला पैसा दुसऱ्या मुलखातल्या उसाचा.

घरांबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपानंतरचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि लोकांनी दगडाचा धसका घेतला. दगड वाईट, सिमेंट चांगलं! खरा दोष बांधणीत होता. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतीला आतला नि बाहेरचा असे दोन पदर, मधे मातीत कालवलेली कपची आणि दोन्ही पदरांना एकत्र धरणारे आरपार दगड नाहीतच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळतं म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर आणखी मातीचा थर. हादरा बसताच पदर सुटले आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. याउलट जिथे माळवदाचा भार धड लाकडी खांब-तुळयांवर होता, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच दुरुस्तीच्या वेळी जुन्या भिंतींत आरपार दगड बसवा, वरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, असं तंत्रज्ञ सांगत होते. बेताची सळई आणि कच्चा माल वापरून उभारलेला सिमेंटचा डोलाराही भूकंपात तग धरतोच असं नाही.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसली. घराचा आकार ठरला जमिनीवरून: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला 250 चौरस फूट, त्यावर 450, सात हेक्टरच्या पुढे 750. खाणारी तोंडं किती, हे कुणी विचारलं नाही. सरकारी कागदावर हे नीटनेटकं दिसतं. आठ माणसांच्या शेतमजूर कुटुंबाला तसं वाटलं नसणार.

घरकुलाचंही तसंच. ‘सरकार घर बांधून देतं’, हे अर्धंच खरं. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून सपाटीच्या प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये हप्त्या-हप्त्यानं खात्यावर आले आणि मनरेगातून 90 दिवसांची मजुरी. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं आणि बांधायचं लाभार्थ्यानंच. वाळू-सळईचे भाव ऐकलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याची अडचण त्याहून आधीची.

राहिला कारखान्यातल्या नोकऱ्यांचा गैरसमज. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी 2018 मध्ये झाली, डब्याचा पहिला सांगाडा 25 डिसेंबर 2020 ला तयार झाला आणि ‘आता घरटी नोकरी’ अशी हवा पसरली. प्रत्यक्षात 120 वंदे भारत शयनयान गाड्यांचा करार व्हायला 2023 उजाडलं. शेड उभी राहणं आणि भरती निघणं यांत वर्षं जातात.

तोवर लातूरनं आपला उद्योग आधीच शोधला होता, फक्त त्याला कुणी उद्योग म्हणत नाही. शहरातल्या ट्यूशन एरियात, म्हणजे खासगी शिकवण्यांच्या भागात, खोल्या कॉट बेसिसवर जातात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांमागे मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं आणि दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या बायका. रेल्वे कारखान्याच्या भरतीची चर्चा करणारी मंडळी या बायकांना नोकरदारांत धरत नाहीत. आणि परीक्षा संपून पोरं गावी गेली की नवे प्रवेश होईपर्यंत या बायकांचं कामही ऊसतोडीसारखंच बंद असतं.